पाण्यावरच्या घराला पत्ता कोण देणार?

महानगरातले घरभाडे पगाराच्या पुढे धावते, ही तक्रार आता एकट्या मुंबईची राहिलेली नाही. बंगळुरूत दहा-दहा महिन्यांचे भाडे अनामत म्हणून मागण्याची रीत वर्षानुवर्षे चालत आली; गुरुग्राम, हैदराबाद, पुणे ही शहरेही त्याच वाटेने निघाली आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार शहरी भारतातली साडेसत्तावीस टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती, आणि त्याच जनगणनेत शहरांमधली सुमारे 1 कोटी 11 लाख घरे रिकामी आढळली होती. या विसंगतीला वैतागलेल्या तरुणांच्या बोलण्यात हल्ली एक कल्पना वारंवार डोकावते. लंडनमध्ये लोक कालव्यातल्या नावेत संसार थाटतात, अॅमस्टरडॅममध्ये तर तरंगत्या घरांच्या रांगाच आहेत. मग समुद्र, खाड्या, तळी आणि नद्या उशाला असलेल्या आपल्या शहरांत हे का होऊ नये? एकदा नाव विकत घ्यावी, घरमालकाला रामराम ठोकावा आणि पाण्यावर सुखाने राहावे.

सार्वजनिक धोरणाच्या अभ्यासकाला हा प्रश्न पोरकट वाटण्याचा संभव आहे. मला तो तसा वाटत नाही. याचे एक कारण असे की, भारतातल्या एका शहरात हा प्रयोग सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. ते शहर म्हणजे श्रीनगर. जमीन मिळेना म्हणून तिथे माणसे नावेत राहायला गेली. त्यांचे पुढे काय झाले, हे पाहिले की घर, जमीन आणि कायदा यांच्या परस्परसंबंधाबद्दल पुष्कळ काही कळते. पण आधी लंडनचा हिशेब पाहू, कारण मूळ स्वप्न तिथून येते.

लंडनच्या कालव्यांवर आणि लहान नद्यांवर आज चार हजारांहून अधिक नावा आहेत. साधारण दहा वर्षांत त्यांची संख्या जवळपास दुप्पट झाली. यांतल्या अनेक नावा घर म्हणूनच वापरल्या जातात आणि ही वाढ घरांच्या किमतींशी जोडलेली आहे, हे तिथे कोणी नाकारत नाही. नाव बांधण्याची कायम जागा घ्यायची तर तिचे भाडे भरावे लागते आणि लंडनमध्ये अशी जागा सहजी मिळत नाही. ज्यांना ती परवडत नाही, त्यांच्यासाठी 1995 च्या ब्रिटिश जलमार्ग कायद्यात एक वाट आहे. कायम जागा नसलेली नाव प्रवासात राहिली पाहिजे. एका ठिकाणी सलग 14 दिवसांपेक्षा जास्त मुक्काम करता येत नाही. म्हणजे दर पंधरवड्याला घर हलवायचे. मुलांची शाळा, डॉक्टर, नोकरी हे सारे एका जागी आणि घर मात्र फिरतीवर. त्यात परवान्याचे शुल्क, विमा, नावेची ठराविक काळाने होणारी तपासणी, हिवाळ्यातले इंधन आणि मैला रिकामा करण्यासाठी ठरलेल्या ठिकाणी जाण्याची यातायात. 2024 च्या एप्रिलपासून तर कायम जागा नसलेल्या नावांवर जलमार्ग सांभाळणाऱ्या न्यासाने परवान्याखेरीज अधिभारही लावला.

इंग्रज लेखिका पेनलोपी फिट्झजेराल्ड 1960 च्या दशकाच्या आरंभी लंडनमध्ये थेम्स नदीवरच्या एका जुन्या मालवाहू नावेत राहत असत. त्यामागे हौस कमी आणि आर्थिक ओढाताण अधिक होती. ती नाव अखेर बुडाली. त्या अनुभवातून आलेल्या त्यांच्या कादंबरीला 1979 मध्ये बुकर पारितोषिक मिळाले. नावेत राहून झालेला एवढा मोठा फायदा दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

अॅमस्टरडॅमचा धडा आणखी स्पष्ट आहे. महायुद्धानंतरच्या घरटंचाईत तिथे जुन्या मालवाहू नावांची घरे झाली. पुढे नगरपालिकेने नव्या जागा देणे थांबवले आणि संख्या अडीच हजारांच्या आसपास स्थिरावली. आज तिथे तरंगते घर विकत घ्यायचे म्हटले तर किमतीचा मोठा भाग नावेचा नसतो. ती जिथे बांधली आहे, त्या जागेच्या हक्काचा असतो. जमिनीची किंमत टाळण्यासाठी पाण्यावर गेलेला माणूस शेवटी काठाची किंमत मोजू लागला. घरभाडे नाहीसे होत नाही, त्याचे नाव तेवढे बदलते. नाव कितीही स्वतंत्र असली तरी तिची दोरी कुठेतरी बांधावी लागते, आणि ते ‘कुठेतरी’ कोणाच्या तरी मालकीचे असते.

आता श्रीनगर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर भारतातल्या उन्हाळ्याला कंटाळलेले इंग्रज अधिकारी आणि त्यांची कुटुंबे काश्मीरची वाट धरू लागली. तिथल्या डोग्रा राजांनी मात्र परक्यांना जमीन विकत घेण्याची मुभा दिलेली नव्हती. जमीन नाही तर घर नाही. पाण्याबद्दल अशी मनाई नव्हती. झेलम नदीवर आणि दल सरोवरात काश्मिरी नावाड्यांचे ‘डूंगे’ होते: लांबट, चपट्या तळाच्या, वर उतरते छप्पर असलेल्या नावा, ज्यांत आख्खे कुटुंब स्वयंपाकपाण्यासह राहत असे. इंग्रजांनी आधी हेच डूंगे भाड्याने घेतले आणि मग त्यांना खिडक्या, बैठकीची खोली, न्हाणीघर असे जोडत त्याची हाउसबोट झाली. पहिली हाउसबोट नारायणदास नावाच्या काश्मिरी व्यापाऱ्याची की केनार्ड नावाच्या इंग्रजाची, यावर श्रीनगरात अजून वाद रंगतो. काळ मात्र 1880 च्या दशकातला, एवढे दोन्ही बाजूंना मान्य आहे.

या कथेचा पूर्वार्ध पर्यटकांना शिकाऱ्यात बसल्याबरोबर ऐकवला जातो. उत्तरार्ध सहसा ऐकवला जात नाही. साहेबाने डूंग्याची हाउसबोट केली, तेव्हा डूंग्यातले कुटुंब कुठे गेले? ते मागच्या लहान नावेत गेले. हाउसबोटीच्या पाठीशी बांधलेल्या त्या नावेत साहेबाचा स्वयंपाक होई आणि तिथेच हांजी, म्हणजे नावाडी समाजातले ते कुटुंब राही. साहेब 1947 मध्ये गेला, त्याच्या जागी भारतीय मधुचंद्री जोडपी आणि परदेशी प्रवासी आले, पण ही मांडणी बदलली नाही. आजही देवदाराच्या कोरीव छताखाली पाहुणा झोपतो आणि मालकाचे कुटुंब पुष्कळदा मागच्या नावेत किंवा काठावरच्या खोपट्यात असते. ज्याला आपण ‘हाउसबोटवाला’ म्हणतो, तो बऱ्याचदा स्वतःच्या घराचा पुढचा भाग भाड्याने देऊन मागच्या भागात राहणारा माणूस असतो. मुंबईच्या चाळीत पोटभाडेकरू ठेवून आपण गॅलरीत झोपणाऱ्या कुटुंबाची आठवण यावी, असेच हे चित्र आहे.

आणि ज्यांच्याकडे हाउसबोटही नाही, केवळ डूंगा आहे, त्यांचे काय? झेलमच्या पात्रात, जुन्या शहराच्या पुलांजवळ असे डूंगे पूर्वी मोठ्या संख्येने असत. आता ते झपाट्याने कमी होत चालले आहेत. डूंग्यातच जन्मलेल्या एका वृद्ध गृहस्थांना मी विचारले होते की, इथे राहण्याचे भाडे किती पडते? ते हसून म्हणाले, “जनाब, नाव आमची, पाणी सरकारचे, आणि काठ? त्याला दोरी बांधली की लगेच कोणीतरी मालक निघतो.” लंडनच्या नावाड्याने याहून वेगळे काही सांगितले नसते.

दलच्या पोटात आणखी एक वस्ती आहे, तिचा उल्लेख केल्याशिवाय हे चित्र पुरे होत नाही. सरोवरातल्या बेटांवर आणि गवताच्या तरंगत्या वाफ्यांवर भाजी पिकवणारी हजारो कुटुंबे तिथे पिढ्यानपिढ्या राहतात. 1889 पासून काश्मीरच्या जमीन महसुलाची व्यवस्था लावणारे वॉल्टर लॉरेन्स यांनी 1895 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या वाफ्यांचे आणि नावाड्यांचे तपशीलवार वर्णन केले आहे. रात्रीतून कोणी शेजाऱ्याचा वाफा ओढून नेल्याच्या कहाण्या दलमध्ये अजून सांगितल्या जातात. जिथे जमीनच चोरीला जाऊ शकते, तिथे सातबाऱ्याची कल्पना लागू करताना महसूल खात्याची काय तारांबळ उडाली असेल!

विनोद बाजूला ठेवून मूळ मुद्द्याकडे येऊ. राज्यसंस्थेच्या दृष्टीने ही तरंगती घरे म्हणजे नेमके काय? याचे उत्तर काळानुसार बदलत गेले, पण त्यात ‘घर’ हा शब्द फारसा कधी आला नाही. पर्यटन खात्यासाठी हाउसबोट हा नोंदणीकृत व्यवसाय आहे. तिला हॉटेलसारखी श्रेणी मिळते आणि त्या श्रेणीप्रमाणे खोलीचा दर ठरतो. सरोवर सांभाळणाऱ्या प्राधिकरणासाठी ती प्रदूषणाचा स्रोत आहे. न्यायालयासमोर ती अतिक्रमणाच्या जवळपासची गोष्ट म्हणून आली. दलच्या ऱ्हासाविषयीची जनहित याचिका जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयात 2002 मध्ये दाखल झाली आणि तिच्यावर पुढे वर्षानुवर्षे सुनावणी होत राहिली. 2009 पासूनच्या आदेशांमुळे हाउसबोटींची दुरुस्ती आणि नूतनीकरण दीर्घकाळ जवळजवळ ठप्प झाले. सरोवरात बांधकामाचे साहित्य नेण्यावरही निर्बंध आले.

न्यायालयाचा हेतू चांगला होता, हे मी मानतो. दल आक्रसत होते, शेवाळाने आणि पाणवनस्पतींनी गुदमरत होते, आणि प्रशासन हातावर हात ठेवून बसले होते. परंतु लाकडी नावेच्या दुरुस्तीवर बंदी म्हणजे काय, हे जमिनीवर राहणाऱ्याला चटकन उमगत नाही. सिमेंटच्या घराची डागडुजी दहा वर्षे लांबली तर भिंतीला ओल येते. नावेच्या तळाच्या फळ्या कुजल्या आणि वेळेवर बदलल्या नाहीत तर घर बुडते. देवदार पाण्यात दीर्घकाळ टिकतो, पण अनंत काळ नव्हे. एके काळी हजाराहून अधिक असलेल्या हाउसबोटी नऊशेच्या आसपास आल्या, त्यामागे आग, हिमवृष्टी, पर्यटनातली मंदी अशी बरीच कारणे आहेत. दुरुस्तीविना जीर्ण होणे हे त्यांतले एक मोठे. ज्या कुटुंबाची हाउसबोट बुडाली, त्याचे एकाच दिवशी घरही गेले आणि धंदाही. सरकारच्या 2020 च्या धोरणाने नोंदणी आणि दुरुस्तीच्या परवानगीची चौकट आखली आणि संख्येवर मर्यादा घातली, हे पाऊल योग्य दिशेने पडले. मात्र त्या धोरणाचा विषय हाउसबोटींच्या ‘संचालना’चा आहे. तिथे राहणाऱ्या कुटुंबाच्या निवासाचा प्रश्न तिथेही कडेलाच राहिला.

प्रदूषणाच्या आरोपाकडे मात्र डोळेझाक करता येणार नाही. हाउसबोटींतले सांडपाणी आणि मैला अनेक दशके थेट सरोवरात जात राहिला, ही वस्तुस्थिती आहे. तथापि दलमध्ये येणाऱ्या घाणीत आणि शेवाळाला पोसणाऱ्या द्रव्यांत मोठा वाटा काठावरच्या शहराच्या नाल्यांचा आणि तेलबल नाल्यातून येणाऱ्या पाणलोटातल्या गाळाचा, खतांचा आहे, हेही अभ्यासक सातत्याने सांगत आले आहेत. काठावरच्या पक्क्या इमारतीतला मैला नजरेआड वाहतो, नावेतला नजरेसमोर पडतो. त्यामुळे राग नावेवर निघतो. अॅमस्टरडॅमच्या नावांचा मैलाही थेट कालव्यात जात असे. तिथल्या प्रशासनाने नावा न हटवता त्या शहराच्या मलवाहिनीला जोडणे बंधनकारक केले. हे काम खर्चिक होते, पूर्ण व्हायला वर्षे लागली, पण झाले. श्रीनगरातही हाउसबोटी मलवाहिनीला जोडण्याचे काम अलीकडच्या वर्षांत हाती घेतले गेले. ते कितपत टिकते हे हिवाळ्यातल्या गोठणाऱ्या पाण्यात कळेल, पण मार्ग हाच आहे.

विस्थापनाचा मार्ग श्रीनगरने आजमावून पाहिला आहे. दलमधल्या रहिवाशांसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेमिनाजवळ रख-ए-अर्थ येथे वसाहत उभारण्यात आली. कागदावर हा चांगला सौदा होता: पाण्यातल्या खोपट्याच्या बदल्यात पक्का भूखंड. पण भाजी पिकवणाऱ्याचे वाफे, नावाड्याचा शिकारा, पहाटेचा तरंगता बाजार हे सारे दलमध्येच राहिले. त्यामुळे काही कुटुंबे गेलीच नाहीत, काही जाऊन परत आली. निवारा आणि रोजगार यांची अशी फारकत केली की पुनर्वसन फसते, हे आपल्याला ठाऊक नव्हते असे नाही. मुंबईच्या पदपथावरच्या रहिवाशांच्या प्रकरणात, म्हणजे ओल्गा टेलिस खटल्यात, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने 1985 मध्येच सांगितले होते की, माणूस पदपथावर राहतो तो जवळच पोट भरण्याची सोय असते म्हणून, आणि उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्या निकालाने पदपथावर कायम राहण्याचा हक्क दिला नाही, हेही तितकेच खरे. तरीही ‘का राहतात?’ हा प्रश्न त्याने आधी विचारला. दलच्या बाबतीत तो प्रश्न फार उशिरा विचारला गेला.

मणिपूरमध्ये तर तो विचारलाच गेला नाही. लोकटाक सरोवरावर तरंगणाऱ्या वनस्पतींच्या जाड थरांना ‘फुमदी’ म्हणतात. त्यांच्यावर झोपड्या बांधून मासेमार कुटुंबे राहत. 1983 मध्ये जलविद्युत प्रकल्पासाठी इथाई बंधारा कार्यान्वित झाला, सरोवराची पातळी वर्षभर उंच राहू लागली आणि काठावरची शेतजमीन पाण्याखाली गेली. जमीन गमावलेल्यांपैकी अनेकांनी मासेमारीसाठी पाण्याचाच आसरा घेतला. पुढे लोकटाक संरक्षणासाठी 2006 मध्ये राज्याने कायदा केला. त्यात सरोवराच्या गाभ्यातल्या या झोपड्या बेकायदा ठरल्या आणि नोव्हेंबर 2011 मध्ये प्रशासनाने शेकडो झोपड्या जाळल्या. आधी प्रकल्पाने जमीन बुडवली, मग कायद्याने पाण्यावरचे घर जाळले. सरोवराच्या ऱ्हासात बंधाऱ्याचा वाटा किती आणि झोपड्यांचा किती, याचा हिशेब मांडला तर कोणाला हटवायला हवे होते, याचे उत्तर इतके सोपे राहत नाही. पण बंधारा राष्ट्रीय प्रकल्प होता आणि झोपडीला पत्ता नव्हता.

केरळचा उल्लेख इथे अनेकांच्या मनात येईल. आलप्पुळाच्या बॅकवॉटरमधल्या शेकडो हाउसबोटी म्हणजे भात वाहून नेणाऱ्या जुन्या नावांचे 1990 च्या दशकापासून झालेले पर्यटनी रूपांतर. तिथे कोणी राहायला जात नाही. एक-दोन रात्रींचा पाहुणा येतो आणि जातो. आपल्या विषयाशी त्यांचा संबंध एवढाच की, पाण्यावरचे घर पैसेवाल्या पाहुण्यासाठी असेल तर आपली व्यवस्था त्याला परवाना, दर्जा आणि जाहिरात देते.

मग मुंबईसारख्या शहरात नावेत राहण्याच्या स्वप्नाचे काय? स्पष्टच सांगतो: तो घरटंचाईवरचा उपाय नाही. अरबी समुद्राचा पावसाळा ही पहिली अडचण. गेटवेहून मांडव्याला जाणारी प्रवासी वाहतूकसुद्धा पावसाळ्यात बंद ठेवावी लागते. अशा पाण्यात चार महिने कुटुंब ठेवणे म्हणजे जिवाशी खेळ. शांत, कमी खोलीचे गोडे पाणी आणि काठाला लागून शहर, हा योग श्रीनगरला जुळून आला, तसा तो भारतात फार थोड्या ठिकाणी जुळतो. आणि जिथे जुळतो तिथेही काही शे कुटुंबांपलीकडे ती पाणथळ जागा कोणाला सामावून घेऊ शकत नाही. सरोवरांचे रूपांतर वस्त्यांत व्हावे असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. दलवरच्या संख्यामर्यादेचे मी समर्थनच करतो.

माझा मुद्दा निराळा आहे. आपल्या गृहनिर्माण धोरणाला जमिनीशिवाय घराची कल्पनाच करता येत नाही आणि त्याची किंमत नावेत राहणाऱ्यांपुरती मर्यादित नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात, 2015 च्या पहिल्या टप्प्यात आणि 2024 च्या दुसऱ्याही टप्प्यात, स्वतः घर बांधणाऱ्या गरिबाला अनुदान मिळते ते त्याच्याकडे स्वतःचा भूखंड असेल तर. नावेखाली भूखंड नसतो. बँकेला तारण ठेवायला जमीन लागते. जनगणनेच्या व्याख्येत घर म्हणजे इमारत किंवा इमारतीचा भाग. नाव ही इमारत नव्हे. आणि 2011 मध्ये ज्या 17 लाख 70 हजारांहून अधिक माणसांची नोंद बेघर म्हणून झाली, त्यांची व्याख्या पदपथ, पुलाखालची जागा, फलाट, सिमेंटचे मोठे पाइप अशा ठिकाणांभोवती रचलेली होती. देवदाराच्या छपराखाली तीन पिढ्या राहिलेल्या कुटुंबाला बेघर म्हणणे हास्यास्पद, आणि व्याख्येच्या अक्षराला धरून त्याला घर आहे असे म्हणणेही अवघड.

गंमत अशी की, सरकारच्या काही हातांना या घरांचे अस्तित्व चांगले ठाऊक आहे. दलच्या घाटांना क्रमांक आहेत. 2011 पासून तिथे ‘तरंगते टपाल कार्यालय’ या नावाने एका हाउसबोटीत टपाल कचेरी चालते आणि पर्यटक तिथून कौतुकाने पत्रे धाडतात. म्हणजे या वस्तीचे पत्र पोहोचवता येते, वीज देता येते, मतदान घेता येते, पर्यटन शुल्क ठरवता येते. निवासाचा हक्क मान्य करण्याची वेळ आली की मात्र पाणी आडवे येते.

याचे परिणाम संकटाच्या वेळी दिसतात. 2014 च्या सप्टेंबरमध्ये झेलमने काठ फोडले, श्रीनगरातल्या राजबाग, जवाहरनगरसारख्या सुस्थित वस्त्या पाण्यात गेल्या, तेव्हा शिकारेवाल्यांनी माणसे बाहेर काढली आणि पक्क्या बंगल्यांतली अनेक कुटुंबे हाउसबोटींत आसऱ्याला गेली. शहराने त्या दिवसांत नावेला घर मानले होते. पुढे 11 नोव्हेंबर 2023 च्या पहाटे दलमध्ये लागलेल्या आगीत पाच हाउसबोटी जळाल्या आणि बांगलादेशातून आलेले तीन पर्यटक मृत्युमुखी पडले. बातम्यांत चर्चा झाली ती पर्यटकांच्या सुरक्षेची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण एकमेकींना खेटून बांधलेल्या लाकडी नावांत हिवाळाभर शेगडी आणि बुखारी पेटवून राहणाऱ्या कुटुंबांची सुरक्षा हा वेगळा विषय आहे, आणि पाहुणे नसलेल्या महिन्यांत तो कोणाच्याच यादीत नसतो.

जमीनविषयक कायद्याचा तर पुरा फेरा झाला आहे. परक्याला जमीन न देण्याच्या डोग्रा काळातल्या रिवाजाला 1927 च्या राज्य-प्रजा अधिसूचनेने निश्चित रूप दिले, 1954 मध्ये अनुच्छेद 35-अ ने त्याला घटनात्मक कवच मिळाले, ऑगस्ट 2019 मध्ये ते निघाले आणि ऑक्टोबर 2020 मधल्या दुरुस्त्यांनी बिगरशेती जमीन बाहेरच्यांनाही विकत घेण्यास मोकळी झाली. ज्या निर्बंधामुळे हाउसबोट जन्माला आली तो आता नाही. मुंबई-दिल्लीच्या गुंतवणूकदाराला श्रीनगरात भूखंड घेता येईल. त्या साहेबाला आपली नाव देऊन मागच्या डूंग्यात गेलेल्या कुटुंबाच्या पणतवंडाला मात्र आपल्या दोरीखालच्या चार हात काठावर आजही हक्क सांगता येत नाही.

करण्यासारखे काही फार अवघड नाही. हाउसबोट आणि डूंगा यांत राहणाऱ्या कुटुंबांची, पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीहून वेगळी, निवासी म्हणून यादी व्हावी. 2027 च्या जनगणनेतली घरांची मोजणी ही त्यासाठी आयती संधी आहे. ठरलेल्या संख्येच्या आत, मलवाहिनीची जोडणी आणि आगीपासूनचे अंतर या अटींवर, नाव बांधण्याच्या जागेचा वारसाहक्काने चालणारा पण बाहेरच्याला विकता न येणारा परवाना द्यावा. विक्रीची मुभा दिली तर अॅमस्टरडॅमप्रमाणे काठाचीच किंमत फुगेल आणि हांजी कुटुंबे दशकभरात बाहेर पडतील. राहत्या नावेच्या तळाची दुरुस्ती ही नूतनीकरणात न मोजता घराची अत्यावश्यक दुरुस्ती मानावी आणि तिच्या अर्जाला मुदत घालून द्यावी. ज्यांना जमिनीवर जायचे आहे त्यांना आवास योजनेतून घर मिळावे, पण दलपासून पायी अंतरावर.

यासाठी नवे खातेही नको. दल सरोवराचे प्राधिकरण जम्मू-काश्मीर सरकारच्या ज्या विभागाच्या अखत्यारीत येते, त्याचे नाव ‘गृहनिर्माण व नगरविकास विभाग’ असे आहे.